डिसेंबरची सुट्टी आणि घरातली लहान मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती साधारण 1 ते 6 वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे. त्याहून लहान बाळासाठी नियम वेगळा असेल तिथे तसं सांगितलं आहे. या सुट्टीत उत्तर गोलार्धात थंडी असते आणि दक्षिण गोलार्धात ऐन उन्हाळा, म्हणून दोन्हींचा विचार केला आहे. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: झोप, जेवण आणि ओळखीचं माणूस या तीन गोष्टी जागच्या जागी असल्या, तर बाकी सगळं बदललेलं लहान मुलाला चालतं. त्या हलल्या की कितीही सुंदर सजावट केली तरी सुट्टी रडण्यात जाते.

सुट्टीची आखणी कुठून सुरू करावी?

मोठ्या कागदावर डिसेंबरच्या मध्यापासून शाळा उघडेपर्यंतच्या दिवसांचे चौकोन आखा आणि त्यात सगळ्यांत आधी मुलाची दुपारची झोप लिहा. आमंत्रणं, प्रवास, खरेदी त्यानंतर उरलेल्या जागेत. बहुतेक घरांत उलटं होतं. आधी कार्यक्रम भरले जातात आणि झोप ‘गाडीत होईल’ म्हणून सोडून दिली जाते. गाडीत लागलेली वीस मिनिटांची डुलकी दीड तासाच्या झोपेची भरपाई करत नाही. शिवाय तेवढ्या डुलकीमुळे घरी आल्यावर मूल झोपतही नाही आणि संध्याकाळी किरकिर सुरू होते.

घराबाहेरचा कार्यक्रम दिवसाला एकच ठेवा आणि मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनावर फुली मारा. फुली नसेल तर तो दिवस कोणीतरी भरतंच. दुपारचं जेवण एका आजीकडे आणि रात्रीचं दुसऱ्या आजीकडे, असा दोन्ही घरांना खूश करणारा दिवस तीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही. त्याचे दोन दिवस करा, किंवा एका वर्षी इकडे आणि पुढच्या वर्षी तिकडे जा. हे नोव्हेंबरमध्येच बोलून घेतलं तर कोणी फारसं दुखावत नाही, ऐन वेळी सांगितलं तर दुखावतं.

झोपेच्या वेळा किती सैल सोडायच्या?

दिवसरात्र मिळून 4 ते 12 महिन्यांच्या बाळाला 12 ते 16 तास, 1 ते 2 वर्षांच्या मुलाला 11 ते 14 तास आणि 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते. सुट्टीतही हा आकडा बदलत नाही.

एखाद्या रात्री झोपायला तासभर उशीर झाला तरी सकाळी उठण्याची वेळ अर्ध्या तासाहून पुढे नेऊ नका. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. उठणं रोज पुढे सरकलं की रात्रीची झोपही सरकते आणि चार दिवसांत मूल रात्री अकरापर्यंत टक्क जागं राहू लागतं. राहिलेली झोप दुपारी भरून काढा किंवा दुसऱ्या रात्री लवकर झोपवा.

खूप दमलेलं मूल सुस्तावत नाही. ते जास्त धावतं, मोठ्याने हसतं, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतं. ‘बघा, अजून किती उत्साह आहे’ असं वाटतं ती वेळ बहुधा झोपेची वेळ उलटून गेल्याची असते. डोळे चोळणं, कान ओढणं, आईला चिकटून बसणं या खुणा त्याच्या वीसेक मिनिटं आधी दिसतात. तेव्हाच खोलीत न्या.

परक्या घरी झोपवताना घरची चादर न धुता न्या, तिला ओळखीचा वास असतो. क्रमही तोच ठेवा: हातपाय धुणं, कपडे बदलणं, गोष्ट, अंगाई, दिवा बंद. एक वर्षाच्या आतल्या बाळाला प्रवासातही पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी, दुलई, मऊ खेळणी यांच्याविनाच झोपवायचं. सोफ्यावर किंवा पाहुण्यांच्या मऊ पलंगावर नाही. घडीच्या पाळण्यात ‘टोचत असेल’ म्हणून वरून आणखी गादी घालू नका. कडेला राहिलेल्या फटीत बाळाचं तोंड अडकतं.

मूल दिवसातून दहा वेळा ‘नाताळ कधी?’ विचारतं. काय सांगावं?

‘अजून बारा दिवस’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, दिसलेलं कळतं. साधारण 20 सेंमी लांब आणि 3 सेंमी रुंद अशा रंगीत कागदाच्या पट्ट्या कापा आणि एकात एक अडकवून साखळी करा. रोज एकाच वेळी, शक्यतो रात्रीच्या जेवणाआधी, एक कडी मुलाने फाडायची. चार वर्षांपुढच्या मुलाला 24 कड्या चालतात. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी शेवटच्या 7 दिवसांचीच साखळी करा. फार लांब साखळी त्याला संपता न संपणारी वाटते आणि ते चौथ्या दिवशी सगळीच ओढून काढतं.

ही साखळी धाक दाखवायला वापरू नका. ‘ऐकलं नाहीस तर एक कडी परत जोडीन’ असं म्हटलं की मुलाचा तिच्यावरचा भरवसा जातो, आणि मग ती टांगण्यात अर्थ उरत नाही.

घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल आहे. नाताळचं झाड ठेवावं का?

ठेवा, पण ते ओढलं जाणारच असं धरून ठेवा. खालचा आधार रुंद आणि जड हवा. शिवाय खोडाच्या वरच्या तिसऱ्या भागापासून मासेमारीची जाड पारदर्शक दोरी भिंतीतल्या दोन हुकांना इंग्रजी व्ही आकारात बांधा. एकच दोरी बांधली तर झाड बाजूला फिरून पडतं. खालच्या मीटरभर भागात फक्त कापड, लाकूड किंवा कागदाचे दागिने लावा आणि ते दोऱ्याने फांदीला गाठ मारून बांधा, तारेच्या हुकाने नको. ते हुक तोंडात जातात आणि घशात अडकतात. काचेचे गोळे वर, किंवा या दोन-तीन वर्षांपुरते खोक्यातच. खाण्याच्या वस्तूंसारखे दिसणारे दागिने मूल चावून बघतं, म्हणून ते अजिबात नकोत.

खरं झाड आणलं तर बुंध्याचा 2 ते 3 सेंमीचा तुकडा करवतीने सरळ कापा आणि लगेच पाण्यात उभं करा. कापलेल्या जागेवर काही तासांत चीक सुकून थर बसतो आणि मग झाड पाणी ओढत नाही. बुंधा स्टँडमध्ये बसत नाही म्हणून कडेने तासू नका, कारण पाणी मुख्यतः सालीलगतच्या थरातून वर जातं. खोडाच्या दर 2.5 सेंमी व्यासामागे एक लिटर पाणी मावेल असं स्टँड घ्या, म्हणजे 10 सेंमीच्या खोडाला 4 लिटरचं. पाणी साधंच घाला, साखर किंवा औषधं नकोत. पहिल्या दिवशी झाड सर्वांत जास्त पाणी पितं, तेव्हा सकाळ-संध्याकाळ पातळी बघा. हीटर, शेगडी, मेणबत्ती यांपासून किमान एक मीटर अंतर हवं. फांदीवरून हात फिरवल्यावर सुया मुठीत येऊ लागल्या की झाड घराबाहेर काढायची वेळ झाली, मग सण संपलेला असो वा नसो. सुकलेलं झाड फार झपाट्याने पेटतं.

सजावटीच्या झाडांपैकी लाल पानांच्या पॉइन्सेटियाला लोक उगाच घाबरतात. त्याच्या चिकाने तोंडाची थोडी आग होते किंवा पोट बिघडतं, एवढंच. खरी काळजी मिसलटो, हॉली आणि यू यांच्या फळांची घ्यायची. हे घरात आणूच नका.

रोषणाईच्या माळांबाबत काय पाहावं?

एलईडीच्या माळा घ्या, त्या फारशा तापत नाहीत. जुन्या बल्बच्या माळा असतील तर एकाला एक अशा तीनपेक्षा जास्त जोडू नका. लावण्याआधी पूर्ण माळ जमिनीवर पसरून बोटांनी चाचपा: चिरलेलं आवरण, सैल होल्डर, काळवंडलेली पिन दिसली तर माळ टाकून द्या. चिकटपट्टी लावून तिचं आयुष्य वाढवू नका. पाळण्याजवळ किंवा मुलाच्या पलंगाजवळ माळ लावू नका, वायर गळ्याभोवती अडकते. झोपायला जाताना आणि घराबाहेर पडताना बटण बंद करा.

भेटवस्तू किती द्याव्यात?

कमी. 2018 मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना कधी 4 खेळण्यांबरोबर, तर कधी 16 खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली.

आईवडिलांकडून दोन-तीन वस्तू पुरतात. अडचण येते ती नातेवाइकांकडून आलेल्या ढिगाची. ‘काही आणू नका’ असं सांगून उपयोग होत नाही, कारण आजी-आजोबांना द्यायचंच असतं आणि त्यांचा तो आनंदही खरा असतो. त्याऐवजी नेमकं सांगा: ‘अमुक मापाचे पावसाळी बूट’, ‘चित्रांची जाड पानांची पुस्तकं’, ‘काका, तुम्ही त्याला एक दिवस प्राणिसंग्रहालयात न्या’. तरीही ढीग झालाच तर निम्मी खेळणी खोक्यात भरून कपाटात ठेवा आणि दर तीन-चार आठवड्यांनी अदलाबदल करा. मूल झोपल्यावर ठेवा. डोळ्यांसमोर उचललेलं खेळणं त्याला त्याच क्षणी सर्वांत आवडतं होतं.

खोक्यावर ‘3 वर्षांखालील मुलांसाठी नाही’ लिहिलंय, पण आमचं मूल हुशार आहे. चालेल का?

नाही. तो शेरा हुशारीबद्दल नसून घशाच्या आकाराबद्दल आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे भाग तपासायला 31.7 मिमी व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणून चूक झाली तरी सुरक्षित बाजूला होते. मोठ्या भावंडाचं खेळणं बारीक तुकड्यांचं असेल तर ते टेबलावरच खेळायचं आणि उठताना झाकणाच्या डब्यात भरायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

बटन सेलबद्दल, म्हणजे बटणासारख्या छोट्या चपट्या बॅटरीबद्दल, एवढं का सांगतात?

कारण या सुट्टीत घरात येणाऱ्या वस्तूंमध्ये सर्वांत घातक वस्तू बहुधा हीच असते, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लुकलुकणाऱ्या मेणबत्त्या, गाणारी शुभेच्छापत्रं, छोटे रिमोट, चमकणारे दागिने, बोलणारी पुस्तकं, वजनकाटे या सगळ्यांत तो असतो. त्यातही 20 मिमीचा लिथियम सेल, म्हणजे सीआर 2032 सारखा, सर्वांत वाईट. तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि अन्ननलिका जळू लागते. दोन तासांत गंभीर इजा होते. सेल फुटावा लागत नाही, मुलाने तो चावावा लागत नाही. ‘संपलेला’ सेलही हेच करतो, कारण खेळणं चालवण्याइतका जोर नसला तरी एवढं करण्याइतका त्यात उरलेला असतो.

घरात आलेली दिवे किंवा आवाज असलेली प्रत्येक वस्तू उलटी करून बघा. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ती वस्तू लहान मुलाच्या हातात द्यायची नाही. गाणारी शुभेच्छापत्रं वाचून झाली की मुलाच्या हाती लागण्याआधी सेल काढून घ्या. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळा आणि तो कचऱ्याच्या डब्यात न टाकता उंचावरच्या बंद बरणीत ठेवून ई-कचऱ्यात द्या.

मुलाने गिळला असा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि ‘बटन सेलचा संशय आहे, लगेच एक्स-रे काढा’ या शब्दांत सांगा. लाळ गळणं, खोकला, जेवण नाकारणं, छातीत दुखणं अशी लक्षणं असतात. ती सर्दी-खोकल्यासारखी वाटतात, आणि कधी सुरुवातीला काहीच लक्षण नसतं. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गिळून 12 तासांहून कमी वेळ झाला असेल, तर वाटेत दर 10 मिनिटांनी 10 मिलि (दोन छोटे चमचे) मध द्या, जास्तीत जास्त 6 वेळा. मधाने इजा होण्याचा वेग कमी होतो, इजा थांबत नाही. म्हणून मध शोधण्यात वेळ घालवू नका. मधाशिवाय दुसरं काही खायला-प्यायला देऊ नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही, इथेही नाही. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी तितकीच घाई करा. त्याच प्रकारचा दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट सोबत न्या.

आणखी कोणत्या वस्तू टाळाव्यात?

ताकदवान छोटे लोहचुंबक: दोन गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग भोकं पडेपर्यंत दाबून धरतात. पाण्यात फुगणारे मणी: गिळल्यावर पोटातही फुगतात आणि आतडं अडवतात. फुगे: न फुगवलेला किंवा फुटलेला तुकडा श्वासनलिकेवर पडद्यासारखा बसतो, म्हणून फुगा फुटताक्षणी सगळे तुकडे गोळा करा. खोक्यांत निघणारी सिलिका जेलची पुडी विषारी नसते, पण घशात अडकू शकते.

भेटवस्तू उघडताना दरवर्षी गोंधळ आणि रडारड होते. काय करता येईल?

अर्धी रडारड पॅकिंगमुळे होते. खेळणं पुठ्ठ्याला तारांनी आवळलेलं असतं, स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही, सेल घरात नसतात, आणि मूल चाळीस मिनिटं समोर उभं राहून वाट बघतं. म्हणून आदल्या रात्री मोठी खेळणी खोक्यातून काढा, तारा कापा, सेल घाला, चार्जिंग लागतं ते चार्ज करा, जोडायचं ते जोडा आणि मग नुसतं कापडात गुंडाळून ठेवा. गाठ सैल मारा, लहान बोटांना ती सुटली पाहिजे.

उघडण्याआधी मुलाला पोटभर खायला घाला. एका वेळी एकच भेट हातात द्या. दुसऱ्या भेटीशीच ते खेळत बसलं तर बसू द्या, उरलेल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उघडता येतात. ‘आता ही उघड, आत्याला फोटो काढायचाय’ अशी घाई केली की मूल वस्तू बघायचं सोडून कागद फाडण्यातच गुंततं. कागद आणि फिती लगेच पिशवीत भरा, पण बाहेर टाकण्याआधी ती पिशवी एकदा चाचपा. सुटे भाग आणि सूचनापत्रक बहुतेक वेळा त्यातच जातात.

सगळ्यांसमोर ‘मला हे नको’ म्हणालं तर?

लहान मूल मनातलं बोलून टाकतं, त्याला तिथल्या तिथे रागावू नका. घरी आधी दोन-तीनदा खेळ म्हणून सराव घ्या. चमचा किंवा मोजा कागदात गुंडाळून द्या आणि ‘माझ्यासाठी आणलंत, थँक्यू’ एवढं एकच वाक्य म्हणवून घ्या. ‘खूप आवडलं’ असं खोटं म्हणायला शिकवायची गरज नाही. आयत्या वेळी फसलंच तर तुम्हीच देणाऱ्याकडे बघून आभार माना आणि पुढे चला.

सांताला पाहून मूल किंचाळतं. मावशीला पापाही देत नाही.

दोन्हींचं कारण एकच. परक्या माणसाची भीती साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत जोरात असते आणि पुढेही एकदम जात नाही. मोठी दाढी, झाकलेला चेहरा आणि भारदस्त आवाज यांत ओळखीचं काहीच नसतं. फोटोसाठी मांडीवर बळेच बसवू नका. लांबून हात हलवणं पुरेसं आहे, किंवा तुम्ही कडेवर घेऊन शेजारी उभे राहा. नातेवाइकांकडे गेल्यावर पहिली दहा मिनिटं मूल तुमच्याजवळच असू द्या. मग त्याला निवड द्या: ‘आजोबांना टाळी देणार की टाटा करणार?’ मोठ्यांनाही आधीच प्रेमाने सांगून ठेवा, ‘थोडा वेळ द्या, तो स्वतःहून येईल’. बहुतेक वेळा येतोच.

‘सांता खरा आहे का?’ असं विचारलं तर?

आधी उलट विचारा: ‘तुला काय वाटतं?’ चार वर्षांच्या मुलाला अनेकदा हे बोलणं रंगवायचं असतं, सात वर्षांच्या मुलाला मात्र खरं उत्तर हवं असतं. मुलाचा विश्वास साधारण सात-आठ वर्षांच्या सुमारास आपोआप ओसरतो. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 52 मुलांच्या एका अभ्यासात खरं कळल्याचा आनंद मुलांना जास्त झाला आणि वाईट जास्त वाटलं ते पालकांना. थेट आणि गंभीरपणे विचारलं तर खोटं बोलू नका. चौथ्या शतकात मायरा इथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होऊन गेले, त्यांच्या दानशूरपणाच्या कथांतून ही परंपरा आली, आणि आता घरातली मोठी माणसं ते काम करतात, असं सांगता येतं. पुढच्या वर्षी धाकट्याची भेट लपवायला त्याला सोबत घ्या, ते फार खूश होतं.

गोड खाऊन मुलं चेकाळतात हे खरं आहे का?

नाही. 1995 मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम आढळला नाही. 1994 च्या एका प्रयोगात तर, मुलाला साखर दिलीय असं नुसतं सांगितल्यावर आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, प्रत्यक्षात साखर दिलीच नव्हती. मुलं चेकाळतात ती गर्दी, आवाज आणि चुकलेल्या झोपेने. गोडावर लक्ष ठेवायचं ते दातांसाठी, आणि त्याने पोट भरून जेवण राहून जाऊ नये म्हणून.

मेजवानीत लहान मुलाला काय देऊ नये?

पाच वर्षांखाली अख्खे दाणे व सुकामेवा, पॉपकॉर्न, कडक गोळ्या नकोत. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करा. आडवी चिरली तरी गोल राहतात आणि घसा बंद करतात. मूल बसूनच खाईल असं पाहा. पळता पळता, हसत खाताना घास अडकतो. समारंभात मोठ्यांच्या उष्ट्या वाट्या खालच्या टेबलावर राहतात, खरा धोका तिथे असतो.

घास अडकला आणि मूल खोकू शकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळव्याच्या टाचेने 5 जोरदार थापा मारा. तरी न निघाल्यास मागून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे 5 दाब द्या, आणि हे आलटून पालटून करत राहा. एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली ठेवून 5 थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी 5 दाब. पोटावर दाब नाही. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. दुसऱ्याला लगेच आपत्कालीन मदत बोलावायला सांगा. मूल बेशुद्ध झालं तर हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन, म्हणजे सीपीआर, सुरू करायचं असतं. त्याचं प्रशिक्षण सुट्टीआधी घेऊन ठेवा.

दुसऱ्याच्या घरी राहायला गेल्यावर काय तपासावं?

सामान उतरवण्याआधी गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून दहा मिनिटं घर बघा. आजी-आजोबांच्या गोळ्या उशाशी किंवा जेवणाच्या टेबलावर असतात, पाहुण्यांच्या पर्समध्येही असतात; त्या उंच कपाटात ठेवायला सांगा. जिन्याला फाटक नसेल तर खोलीचं दार बंद ठेवा. भरलेली बादली रिकामी करा, काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडतं. टेबलक्लॉथ काढा, मूल तो ओढतं आणि चहा अंगावर सांडतो. कपात ओतून पंधरा मिनिटं झालेला चहासुद्धा लहान मुलाची कातडी भाजू शकतो. भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण 20 मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, लोणी काहीही लावू नका.

उन्हाळ्यातली सुट्टी असेल आणि आसपास तलाव असेल तर ‘सगळे लक्ष ठेवतायत’ म्हणजे कोणीच ठेवत नाही. एका वेळी एक मोठं माणूस नेमा, पंधरा-पंधरा मिनिटांची पाळी लावा, त्या वेळात फोन हातात नको. बुडणारं मूल ओरडत नाही.

प्रवासात काय सांभाळावं?

गाडीत सीटचे पट्टे जाड जॅकेटवरून बांधू नका. धक्का बसला की जॅकेट चपटं होतं आणि पट्टे सैल पडतात. पातळ कपड्यांवर पट्टे आवळा, खांद्याजवळ पट्ट्याची चुणी चिमटीत येता कामा नये, आणि पांघरूण वरून घाला. दर दीड-दोन तासांनी थांबा. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांनंतर जास्त दिसतो. निघण्याआधी हलकं खाणं द्या आणि पुढे, लांबवर बघायला सांगा. पुस्तक किंवा मोबाइलचा पडदा बघितल्याने मळमळ वाढते.

विमान उतरताना कान दुखतात, आणि उतरणं जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. तेव्हा बाळाला पाजा, मोठ्याला घोट-घोट पाणी द्या. झोपलेल्या मुलाला त्या आधी उठवा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. वेळेच्या फरकाशी जुळवून घ्यायला दर तासामागे साधारण एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं. चार दिवसांसाठी पाच तासांच्या फरकाचा प्रवास लहान मुलासोबत न केलेलाच बरा.

गर्दीच्या ठिकाणी मूल हरवू नये म्हणून?

निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढा. तुमचा फोन नंबर त्याच्या दंडावर, बाहीच्या आत, पेनाने लिहा. नाव कपड्यांवर बाहेरून लिहू नका. ‘हरवलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा आणि मूल सोबत असलेल्या बाईला सांग’ हे वाक्य आधी दोनदा म्हणवून घ्या.

सुट्टीत ताप किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले तर?

पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते: दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान 4 तास, 24 तासांत 4 पेक्षा जास्त नाही. थेंब आणि सिरप यांची तीव्रता वेगळी असते, बाटलीवरचं वाचल्याशिवाय चमचा भरू नका. भरल्या घरात आई एकदा देते आणि आजी पुन्हा देते. म्हणून वेळ आणि मात्रा कागदावर लिहून फ्रिजला लावा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध देत न थांबता लगेच डॉक्टरांकडे न्या.

जुलाब झाल्यास प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस: दोन वर्षांखाली 50 ते 100 मिलि, त्यापुढे 100 ते 200 मिलि, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू द्या. लघवी कमी होणं, रडताना अश्रू न येणं, मूल मलूल पडणं ही तातडीची लक्षणं. शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन 48 तास झाल्याशिवाय कोणाकडे जाऊ नका. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवा.

मोबाइल-टीव्हीचा नियम सुट्टीत मोडतोच. किती मोडू द्यावा?

2 ते 5 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास हे प्रमाण आहे. दीड वर्षाखाली व्हिडिओ कॉल सोडून काही नको. प्रवासाच्या दिवशी एक तासाचं प्रमाण ओलांडलं तरी बिघडत नाही. जेवताना आणि झोपण्याआधीचा एक तास मात्र पडदा बंद ठेवा. या दोन सवयी लागल्या की जानेवारीत सोडवताना फार त्रास होतो.

शाळा उघडण्याची तयारी कधी सुरू करावी?

पाच-सहा दिवस आधी. उठणं आणि झोपणं दोन्ही रोज 15 मिनिटं अलीकडे आणा. तासाभराचा फरक असेल तर चार दिवस लागतात आणि एक-दोन दिवस मुरायला हवेत. उठल्याबरोबर खिडकी उघडा किंवा मुलाला अंगणात न्या. दोन दिवस आधी बूट घालून बघा, या वयात पाय भराभर वाढतात आणि घट्ट बुटामुळे सकाळी निघताना रडणं होतं. शाळेच्या डब्यातून घरीच एकदा खाऊ द्या. शाळेतल्या एखाद्या मित्राशी आदल्या आठवड्यात भेट घडवली तर पहिल्या दिवशी दारातलं चिकटणं कमी होतं. प्रवासाहून परत येणं आणि शाळा उघडणं यांत किमान दोन मोकळे दिवस ठेवा. पहिल्या शाळेच्या दिवशी संध्याकाळी मूल किरकिरं असणारच, त्या दिवशी जेवण आणि अंथरूण दोन्ही अर्धा तास लवकर.